विश्लेषण : घरात मांजर आणि काचेच्या पेटीत साप, हे चालतं का? कायदा काय सांगतो, धोका नेमका कुणाला?

मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ जिवंत विषारी साप सापडल्याची बातमी १ जून २०२५ ला आली. त्यातले ४४ इंडोनेशियातले पिट व्हायपर होते. उरलेले तीन इराणच्या डोंगरांत आढळणारे, शेपटीच्या टोकाला कोळ्यासारखा आकार असलेले शिंगवाले व्हायपर होते. सोबत पाच कासवंही होती. तो महिना संपता संपता याच विमानतळावर थायलंडहून आलेल्या आणखी एका प्रवाशाकडे १६ साप मिळाले. यावेळच्या यादीत गार्टर स्नेक, मिल्क स्नेक, किंग स्नेक, केनियन सँड बोआ अशी नावं होती.

पहिल्या बातमीची चर्चा जास्त झाली, कारण ते साप जहाल होते. पण सर्वसामान्यांच्या दृष्टीने दुसरी बातमी जास्त जवळची आहे. गार्टर, मिल्क, किंग हे माणसाला फारसा धोका नसलेले साप जगभर घरात पाळले जातात. त्यांचं गिऱ्हाईक एखाद्या फ्लॅटमध्ये राहणारं असतं. त्या फ्लॅटमध्ये अनेकदा आधीपासून एक मांजरही असतं.

इन्स्टाग्रामवर असे रील्स भरपूर दिसतात. सोफ्यावर अजगर वेटोळं करून बसलेला असतो, शेजारी मांजर त्याला हुंगत असतं आणि खाली 'बेस्ट फ्रेंड्स' असं लिहिलेलं असतं. कमेंटमध्ये पहिला प्रश्न ठरलेला : "कुठे मिळेल?" दुसरा प्रश्न मात्र क्वचित कुणी विचारतं : हे कायद्यात बसतं का, आणि बसत असेल तर दोघं खरंच सुरक्षित राहतात का?

मुंबईच्या पूर्व टोकाला असलेल्या ट्रॉम्बेसारख्या भागात तर हा प्रश्न आणखी वेगळा होतो. तिथे साप बघायला पेटी लागत नाही. पावसाळ्यात तो दारात येतो आणि कधी कधी मांजरच त्याला घरात घेऊन येतं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

बॅगेतून येणारे साप कोणते आणि तेच का?

२०२५ च्या घटना पहिल्या नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, मुंबईत विमानाने आलेला एक माल अडवला. कागदावर तो शोभेच्या माशांचा माल होता. आत मलेशियाहून आलेले ६६५ प्राणी निघाले : कासवं, सरडे, इग्वाना आणि अजगर. त्यातले ११७ प्राणी मेलेले होते.

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाने बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत ११ साप लपवले होते. नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक.

यातला बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. साधारण तीन ते पाच फूट वाढतो, विषारी नसतो, क्वचितच चावतो. पैदास करणाऱ्यांनी त्याचे पांढरे, पिवळे, ठिपकेदार असे असंख्य रंगप्रकार तयार केले आहेत आणि रंगानुसार किंमत वाढते. कॉर्न स्नेक अमेरिकेतला. तोही शांत आणि रंगीत.

बॉल पायथनचं नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. तो घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. मांजराशेजारी तो असा गोल होऊन बसलेला दिसला, तर रील बघणाऱ्याला वाटतं की साप किती निवांत आहे. प्रत्यक्षात तो जीव मुठीत धरून बसलेला असतो.

भारतीय साप पाळता येतो का?

नाही. इथे 'पण', 'परंतु' काही नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आधीच्या सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना सर्वाधिक संरक्षण असतं. वाघ या यादीत आहे. नाग, घोणस, अजगर यांच्यासोबत धामण आणि दिवड हे रोज दिसणारे बिनविषारी सापही आता याच यादीत आहेत.

पहिल्या अनुसूचीतला प्राणी पकडणं, बाळगणं किंवा विकणं या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. इतर संरक्षित प्राण्यांबाबत तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणजे गच्चीवर सापडलेलं दिवडीचं पिल्लू बरणीत घालून 'दोन दिवस ठेवतो, मग सोडतो' असं म्हणणंही गुन्ह्यात बसतं. त्याचा व्हिडिओ टाकला तर पुरावा स्वतःच जाहीर केल्यासारखं होतं. 'धनलाभ होतो' या अंधश्रद्धेपायी मांडूळ घरात ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मांडूळ विकताना पकडल्याच्या बातम्या मुंबई, ठाणे, पुणे परिसरातून सतत येत असतात.

मग परदेशी सापाचं काय?

इथे उत्तर सरळ 'हो' किंवा 'नाही' असं नाही.

संकटग्रस्त प्राण्या-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा 'साइट्स' नावाचा करार आहे. भारत १९७६ पासून त्याचा सदस्य आहे. या करारातल्या प्रजाती २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. बॉल पायथन त्यातलाच.

त्याआधी जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक सवलत योजना आणली होती. ज्यांच्याकडे परदेशी प्राणी आहेत, त्यांनी सहा महिन्यांत स्वतःहून जाहीर केलं तर कागदपत्रं मागितली जाणार नव्हती. मग २८ फेब्रुवारी २०२४ ला नवे नियम आले. चौथ्या अनुसूचीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्या प्रत्येकाने 'परिवेश २.०' या सरकारी पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करायची. त्यासाठी सहा महिने दिले होते. ती मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली. त्यानंतर असा प्राणी ताब्यात आला तर ३० दिवसांत नोंद करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही कळवावं लागतं.

कॉर्न स्नेक साइट्सच्या यादीत नाही. त्यामुळे ही नोंदणी त्याला लागू होत नाही आणि विक्रेते हाच मुद्दा पुढे करतात. पण कुठलाही जिवंत प्राणी परदेशातून आणायला आयातीची परवानगी आणि आरोग्य तपासणी लागते. ती नसेल तर तो तस्करीचा माल ठरतो. बिस्किटांच्या पाकिटातले दोन कॉर्न स्नेकही म्हणूनच जप्त झाले.

याचा साधा अर्थ असा : टेलिग्राम ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्ये 'पेपर नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून साप घेतला, तर साप कितीही गरीब असला तरी व्यवहार गरीब नसतो. विकणाऱ्याच्या नावावरची नोंद, हस्तांतराची नोंद आणि साप कायदेशीर मार्गाने आल्याचा पुरावा, हे तिन्ही पैसे देण्याआधी हातात हवं.

कागद आहेत. आता मांजर आणि साप एका घरात राहू शकतात?

राहू शकतात, पण एकमेकांसोबत नाही. दोघांमध्ये कायम एक बंद दार असेल तरच.

आपल्याकडे सापाचा धोका म्हटलं की साप चावेल, एवढंच डोळ्यांसमोर येतं. बॉल पायथन आणि कॉर्न स्नेकच्या बाबतीत गणित उलटं आहे. तिथे जीव जातो तो बहुतेक सापाचा.

मांजर हा शिकारी प्राणी आहे. पोट भरलेलं असलं तरी सरपटणारी, वळवळणारी वस्तू दिसली की त्याचा पंजा उठतो. मांजराच्या तोंडात आणि नखांवर पाश्चुरेला नावाचे जिवाणू सर्रास असतात. सापाला झालेली जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण आत संसर्ग पसरतो. साप ओरडत नाही, लंगडत नाही. तो फक्त खाणं सोडतो आणि पडून राहतो. मालकाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

पंजा लागला नाही तरी त्रास होतोच. मांजर तासन् तास काचेसमोर बसून टक लावून बघत असेल, तर पेटीतल्या सापाला लपायला जागा नसते आणि पळायलाही. बॉल पायथन अशा ताणात आठवडेच्या आठवडे अन्न नाकारतो. 'साप खात नाही' ही तक्रार असेल, तर आधी पेटीसमोर कोण बसतं ते बघायला हवं.

मोठ्या अजगराच्या बाबतीत पारडं फिरतं. आठ-दहा फुटी अजगर मांजर गिळू शकतो आणि मांजराचं पिल्लू त्याहून लहान अजगरालाही पुरतं. त्याच्या लेखी ते 'फ्रेंड' नसतं. उबदार अंगाचं, उंदरासारखं सावज असतं.

पेटी आणि खोली कशी असावी?

नोंद असलेला साप आणि मांजर एकाच घरात असतील, तर पाळण्यासारख्या गोष्टी अशा :

- पेटीला कुलूप हवं. सरकत्या काचेला लावायचं छोटं कुलूप मिळतं. झाकणावर वजन ठेवणं म्हणजे कुलूप नव्हे. साप फटीत नाक घालून सतत ढकलत राहतो.

- वरचं झाकण जाळीचं असेल तर मांजर त्यावर झोपणार, कारण खालून ऊब येते. चार-पाच किलोंचं मांजर उडी मारून बसलं की पातळ जाळी वाकते. समोरून उघडणारी, वरून पक्की असलेली पेटी जास्त सुरक्षित.

- पेटी वेगळ्या खोलीत आणि त्या खोलीचं दार बंद. कुलूप आणि दार, असे दोन अडसर हवेत. एक विसरलं तरी दुसरा असतो. वन बीएचकेमध्ये वेगळी खोली नसेल, तर साप आणू नये हे उत्तर प्रामाणिक आहे.

- पेटीत किमान दोन लपायच्या जागा हव्यात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. पेटीच्या तीन बाजू बाहेरून झाकल्या की सापाला मांजर दिसत नाही.

- उष्णतेच्या पॅडला थर्मोस्टॅट हवा. बॉल पायथनला उबदार कोपऱ्यात ३१-३२ अंश आणि थंड कोपऱ्यात २५-२७ अंश तापमान पुरतं. मुंबईत बाराही महिने हवा गरम असते, त्यामुळे गारठण्यापेक्षा भाजण्याचा धोका मोठा. खिडकीच्या उन्हात ठेवलेली काचेची पेटी मे महिन्यात भट्टी होते. वायर मांजराच्या दाताला लागणार नाही अशी न्यावी.

- साप बाहेर काढायच्या आधी मांजर दुसऱ्या खोलीत आणि दाराला कडी. 'ओळख करून देणं' हा प्रकारच नको. साप मैत्री करत नाही आणि मांजर विसरत नाही.

- मांजराला हात लावल्यावर आणि उंदीर हाताळल्यावर साबणाने हात धुऊनच सापाला हात लावायचा. साप वासावर चालतो. हाताला सावजाचा वास असेल तर तो हातालाच सावज समजतो.

- सापाच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. पेटीतली भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई किंवा खूप वयस्कर माणूस घरात असेल तर ही काळजी दुप्पट.

यात एक गोष्ट अशी आहे जी सापाच्या मालकांनाही अनेकदा माहीत नसते. सापाच्या खवल्यांत माइट्स नावाचे बारीक किडे होतात. ते मारायला बाहेर ज्या फवारण्या वापरतात, त्यातल्या काहींमध्ये पर्मेथ्रिन असतं. मांजराचं शरीर हे रसायन पचवू शकत नाही. थोडं अंगावर किंवा पोटात गेलं तरी मांजराला थरथर सुटते, झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरच्या काही औषधांतही तेच असतं. म्हणून पशुवैद्याला विचारल्याशिवाय सापाच्या पेटीत कुठलीही फवारणी करू नये. आणि विचारताना 'घरात मांजर आहे' हे आधी सांगावं.

सापाचं जेवण हाही प्रश्न आहे

घरात पाळल्या जाणाऱ्या बहुतेक सापांना उंदीर लागतात. जिवंत उंदीर पेटीत सोडला तर तो जीव वाचवण्यासाठी सापालाच चावतो आणि जखमा खोल असतात. म्हणून जगभर मारून गोठवलेले उंदीर वितळवून देतात. फ्रीजरमध्ये त्यासाठी वेगळा बंद डबा लागतो. वितळायला ठेवलेला उंदीर मांजराने पळवला, तर सापाचं जेवण गेलंच, शिवाय मांजराला त्या वासाची चटक लागते. मग ते पेटीभोवतीच घुटमळतं.

गटारातला किंवा पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तर कधीच देऊ नये. त्याने विषारी गोळी खाल्लेली असू शकते. असा उंदीर सापाला जितका घातक, तितकाच मांजराला.

ट्रॉम्बेत वेगळं काय?

ट्रॉम्बेच्या एका बाजूला टेकडी आहे, तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्राचा झाडीचा परिसर आणि पलीकडे ठाण्याची खाडी. खाडीकाठाला खारफुटी आहे. वाशी पुलाच्या उत्तरेला याच खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. टेकडी आणि खाडी यांच्या मध्ये आणि आजूबाजूला दाट वस्ती आहे : ट्रॉम्बे कोळीवाडा, चीता कॅम्प, अणुशक्ती नगर, मानखुर्द, माहुल.

झाडी, चिखल, नाले आणि वस्तीतले उंदीर, सापाला याहून जास्त काय हवं? नाग, घोणस, धामण, दिवड, कवड्या हे साप मुंबईच्या अशा भागांत नेहमी निघतात. कधी अजगरही निघतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की ते कोरड्या जागी सरकतात, म्हणजे जिन्याखाली, मीटरच्या पेटीजवळ, जाळ्यांच्या ढिगात.

आणि मांजरं? जिथे मासळी तिथे मांजर. कोळीवाड्यात त्यांना आमंत्रण लागत नाही.

'घरात मांजर असलं की साप येत नाही' असं आपल्याकडे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. मांजरामुळे उंदीर कमी होतात आणि उंदीर कमी झाले की सापाचं येणं कमी होतं. पण मांजरासाठी रात्रभर बाहेर ठेवलेली ताटली उंदरांनाही बोलावते. शिवाय मांजर स्वतः साप पकडून घरात आणतं, बहुतेक वेळा छोटं पिल्लू. घरातल्यांना वाटतं, एवढासा तर आहे.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते. घोणशीच्या अंगावरचे ठिपके अजगरासारखे दिसतात आणि 'अजगराचं पिल्लू' समजून लोक घोणस हातात घेतात. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते आणि तेही पावसाळ्याच्या तोंडावर. ही पिल्लं जन्मतःच विषारी असतात. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यातही असाच गोंधळ होतो. फोटो ग्रुपवर टाकून 'कोणता आहे?' विचारणं म्हणजे ओळख पटवणं नव्हे.

परदेशी विषारी साप चावला तर?

भारतात मिळणारं सर्पदंशावरचं औषध चार सापांच्या विषापासून बनतं : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. देशात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे ५८ हजार आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. तो सगळा इथल्या सापांना धरून आहे.

बॅगेतून आलेला इंडोनेशियन पिट व्हायपर एखाद्या फ्लॅटमध्ये चावला, तर मुंबईतल्या डॉक्टरांकडे त्याच्यावर नेमकं काम करणारं औषध नसतं. त्यांना लक्षणांवर उपचार करत राहावं लागतं. ४७ सापांच्या त्या बातमीतली खरी भीती ही होती. असा साप मांजर असलेल्या घरात ठेवणं म्हणजे झाकण कधी सरकेल याची वाट बघणं.

पेटीतला साप निसटला तर?

आधी मांजर एका खोलीत बंद करायचं. मग बाथरूमच्या जाळीवर आणि मुख्य दाराखालच्या फटीत कापड कोंबायचं. निसटलेला साप बहुतेकदा जवळच्याच उबदार, अरुंद जागेत असतो : फ्रीजमागे, कपाटाखाली, पुस्तकांच्या मागे. शेजाऱ्यांना सांगायला लाज वाटते, पण सांगायलाच हवं. त्यांच्या घरात अचानक साप दिसला तर काठी उचलली जाईल. नोंद असलेला साप असेल तर वन विभागालाही कळवावं.

आणि साप नकोसा झाला म्हणून खाडीत किंवा टेकडीवर सोडायचा नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून आलेले बर्मी अजगर पसरले आणि तिथले ससे, रॅकून यांसारखे प्राणी मोठ्या भागातून दिसेनासे झाले. ट्रॉम्बेची खारफुटी आधीच कचरा आणि भरावाने जेरीस आली आहे. तिथे आणखी एका परक्या शिकाऱ्याची भर नको.

ज्यांच्याकडे नोंद नसलेला साप आहे, त्यांच्यासाठीही हेच. नोंदणीची पहिली मुदत संपली आहे, हे खरं. पण गुपचूप विकणं किंवा सोडून देणं यामुळे एका गुन्ह्याचे दोन होतात. वकिलाचा सल्ला घेऊन वन विभागाकडे जाणं हाच सरळ मार्ग आहे.

मांजराने साप धरला तर काय करायचं?

ट्रॉम्बेकरांना प्रत्यक्षात लागणारा भाग हा आहे.

मांजर आणि साप समोरासमोर आले तर मध्ये हात घालायचा नाही. मांजराला लांबूनच खाण्याच्या डब्याच्या आवाजाने बोलवायचं किंवा टॉवेल टाकून उचलायचं, तेही साप काही फूट लांब असेल तरच. मग मांजर बंद खोलीत. मुलं बाहेर. एका माणसाने सुरक्षित अंतरावरून सापावर नजर ठेवायची, कारण तो दिसेनासा झाला की पकडणाऱ्याचं काम दहापट वाढतं.

वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. वन विभागाशी जोडलेल्या सर्पमित्रालाच बोलवावं. सापाला गळ्यात घालून रील बनवणारा तो सर्पमित्र नव्हे. साप मेलेला दिसला तरी हात लावू नये. नुकत्याच मेलेल्या सापाचं डोकंही चावू शकतं.

मांजराला दंश झाला की नाही हे केसांमुळे दिसत नाही. अचानक गळून जाणं, लाळ, पंजा किंवा तोंड सुजणं, बाहुल्या मोठ्या होणं, धाप लागणं यातलं काही दिसलं तर थेट पशुवैद्याकडे. परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आहे, पण ट्रॉम्बेहून तिथे पोचायला वेळ लागतो. म्हणून घराजवळचा कोणता दवाखाना रात्री उघडा असतो आणि सर्पदंशावर उपचार करतो, ते आजच विचारून ठेवलेलं बरं.

माणसाला दंश झाला तर १०८ ला फोन करायचा आणि रुग्णालय गाठायचं. ट्रॉम्बे-मानखुर्दहून सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय हे जवळचं मोठं रुग्णालय. जखम कापायची नाही, चोखायची नाही, घट्ट बांधायची नाही. चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही. साप पकडून सोबत नेण्याची गरज नसते. रुग्णाला धीर द्यायचा आणि वेळ घालवायचा नाही.

मग शेवटी साप आणावा की नाही?

बॉल पायथन नीट सांभाळला तर २० ते ३० वर्षं जगतो. मांजर १५ वर्षांच्या आसपास. म्हणजे आज २५ व्या वर्षी साप घेणारा माणूस पन्नाशीला पोचला तरी पेटीचं कुलूप तपासत असेल. मधल्या काळात नोकरी बदलेल, भाड्याचं घर बदलेल, लग्न होईल, लहान मूल येईल. आणि मांजरावर उपचार करणारे दवाखाने शहरात अनेक असले तरी सापावर उपचार करणारे पशुवैद्य मोजकेच आहेत.

घेण्याआधी तीन प्रश्न पुरे आहेत. कागद आहेत का? दार बंद राहील अशी वेगळी खोली आहे का? आपण गावाला गेलो तर मांजराला आणि सापाला वेगवेगळं बघणारं कुणी आहे का? एकाचंही उत्तर 'नाही' असेल तर साप आणू नये. मांजराचं काही बिघडणार नाही आणि बँकॉकहून येणाऱ्या बॅगेत एका सापाची मागणी कमी होईल.